कीबोर्डला तीन ध्वनिसंच जोडण्याचे काम : दत्तजयंती सप्ताहाच्या नोंदी, सांगली

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

सांगलीत आमच्या गल्लीतील दत्तमंदिरात मार्गशीर्षात सप्ताह बसतो. सकाळी गुरुचरित्राचे पारायण असते आणि रोज संध्याकाळी आमच्या महिला मंडळाचे भजन होते. पेटी वाजवणाऱ्या मावशींची बोटे दुखू लागल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षे, मी कीबोर्डवर साथ करते. हा एकसष्ट पट्ट्यांचा साधा कीबोर्ड आहे. त्याला अडीच-अडीच वॉटचे दोन अंगचे स्पीकर आहेत आणि बाहेर आवाज नेण्यासाठी हेडफोनचे एकच भोक आहे. सभामंडप सुमारे साठ फूट लांब आणि तीस फूट रुंद आहे, वर पत्रा आहे, आणि पखवाज व पंचवीस जोड टाळ सुरू झाले की कीबोर्ड तिसऱ्या ओळीपलीकडे ऐकू जात नाही. मागच्या वर्षी मी काळी चारमध्ये, म्हणजे चौथी काळी पट्टी 'सा' धरून, वाजवत होते आणि मागच्या ओळी हळूहळू अर्धा स्वर खाली उतरून गात होत्या. त्यात त्यांचा काहीच दोष नव्हता, कारण सूर त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. हे या वर्षी होऊ द्यायचे नाही, एवढ्यासाठी हे काम हाती घेतले आहे.

भाड्याचा संच घ्यावा, असा पहिला विचार होता. परंतु विधानसभेच्या प्रचारामुळे ओळखीच्या साउंडवाल्यांचे सगळे बॉक्स उद्या संध्याकाळपर्यंत बाहेर आहेत, आणि त्यानंतरचा दर दिवसाला साडेचार हजार सांगितला गेला. सात दिवसांचे साडेएकतीस हजार मंडळाला झेपणारे नाहीत. म्हणून आपल्याकडे काय आहे याची मोजदाद केली. एका सभासदाच्या घरचे बारा इंची, आतच अॅम्प्लिफायर असलेले दोन स्पीकर आहेत. मंदिराचा आरतीसाठीचा १२५ वॉटचा अॅम्प्लिफायर असून त्याच्यावर चार कॉलम (भिंतीवरचे उंच, अरुंद स्पीकर) आणि दोन भोंगे आहेत. शिवाय माझ्या घरचा जुना अॅम्प्लिफायर आणि त्याचे दोन लाकडी बॉक्स आहेत. हे तिन्ही एका कीबोर्डवर चालवायचे आहेत.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज पहिली जोडणी केली आणि अडीच तास वाया गेले. दोन्ही टोकांना सारखीच पिन असलेली स्टिरिओ लीड, म्हणजे जोडणीची वायर, घरात होती. तिचे एक टोक कीबोर्डच्या हेडफोनमध्ये आणि दुसरे बारा इंची स्पीकरच्या मागे घातले. आवाज आला, पण तो पोकळ होता. पियानोचा गाभाच नाहीसा झाला होता आणि नुसती भोवतालची घुमणूक, दुसऱ्या खोलीतून यावी तशी, ऐकू येत होती. आवाज वाढवला तरी पोकळपणाच वाढला. मला वाटले स्पीकर बिघडला, म्हणून दुसरा लावून पाहिला. तोही तसाच. मग कीबोर्ड बिघडला असे वाटून हेडफोन लावला, तर त्यात सगळे उत्तम होते.

योगायोगाने पिन स्पीकरमधून काढताना ती अर्ध्यावर अडकली आणि त्या क्षणी भरघोस आवाज आला. पुन्हा पूर्ण आत ढकलली की पोकळ, अर्धी बाहेर ओढली की भरघोस. हे चार वेळा करून पाहिल्यावर कारण लक्षात आले. पिनेला तीन भाग असतात : टोक, मधली कडी आणि मागची नळी, म्हणजे परतीची 'जमीन'. हेडफोनच्या बाजूने टोकावर डावा आवाज आणि कडीवर उजवा आवाज येतो. स्पीकरचे भोक मात्र बॅलन्स्ड असते, म्हणजे ते टोकावरील आवाजातून कडीवरील आवाज वजा करते. डाव्या-उजव्यात जे समान असते ते वजाबाकीत नाहीसे होते आणि दोन्हींत वेगळे असते तेवढेच, म्हणजे मुख्यतः घुमणूक, उरते. पिन अर्धी बाहेर असताना स्पीकरला एकाच बाजूचा आवाज मिळतो आणि वजा करायला काही राहत नाही, म्हणून तो नीट येतो. अर्थात अर्ध्या पिनेवर सप्ताह काढता येणार नाही. उद्या मतदान असल्याने दुकाने बंद आहेत. सामान परवा.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

एका टोकाला स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना, अशी लीड स्वतः तयार केली. पहिला डाग देताना कथील जास्त वाहिले आणि कडी व नळी एकमेकींना चिकटल्या. मल्टिमीटरने तपासले नसते तर कीबोर्डची उजवी बाजू थेट जमिनीला जोडली गेली असती. हेडफोनच्या भोकात सरळ मोनो पिन घातली तरी नेमके हेच होते, म्हणून तसे कोणी करू नये.

लीड चालली, पण नवीनच अडचण दिसली. आमच्या कीबोर्डच्या पियानोमध्ये खालचे स्वर डावीकडून आणि वरचे स्वर उजवीकडून जास्त येतात. घरात ते छान वाटते, परंतु सभामंडपात उजव्या भिंतीशी बसलेल्या बायकांना खर्ज मिळेना आणि डावीकडच्यांना तार सप्तक मिळेना. भजनाला डावे-उजवे नकोच आहे, सगळ्यांना सगळे हवे आहे. म्हणून दोन्ही बाजू एकत्र करायच्या. त्या थेट जोडू नयेत, कारण मग आतील दोन छोटे अॅम्प्लिफायर एकमेकांवरच जोर लावत बसतात. दोन्ही तारांमध्ये प्रत्येकी एक किलो-ओहमचा रेझिस्टर घालून पुढे त्या एकत्र केल्या. रेझिस्टर दहा रुपयांत आले, त्यांना ठेवायला साठ रुपयांची पत्र्याची डबी घेतली. या डबीने जेवढे काम सोपे केले तेवढे दुसऱ्या कशानेही केले नाही. आता डबीतून एक लीड पहिल्या बारा इंचीला जाते आणि त्याच्या लिंकमधून, म्हणजे आवाज पुढे देणाऱ्या भोकातून, माइकच्या तीन पिनी लीडने दुसऱ्याला जाते. एक आवाज अनेक स्पीकरना वाटणे चालते, अनेक आवाज थेट एका तारेत कोंबणे चालत नाही, एवढे मनात ठेवले की जोडण्या चुकत नाहीत.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज मंदिराचा अॅम्प्लिफायर जोडला. तो गाभाऱ्याशेजारच्या कपाटात, कीबोर्डपासून बारा मीटरवर आहे. डबीतून त्याच्यापर्यंत शिल्डची, म्हणजे आतल्या तारेभोवती धातूची जाळी असलेली, वायर टाकली, पिन लावली, आणि सगळे कॉलम एका सुरात घोंघावू लागले. कीबोर्डचा आवाज शून्य केला तरी घोंघावणे तेवढेच. लीड काढली की शांत. प्रत्येक संच एकेकटा शांत होता, दोन एकत्र जोडले की घोंघावत होते.

बारा इंची स्पीकर सभामंडपाच्या बोर्डवर होते आणि मंदिराचा अॅम्प्लिफायर गाभाऱ्याकडील जुन्या बोर्डवर. दोन्हीकडचे अर्थिंग एकसारखे नसले की आपल्या लीडच्या जाळीतून वीज वाहते आणि तिची ५० हर्ट्झची गुणगुण आवाजात मिसळते. मदतीला आलेल्या माझ्या भाच्याने तीन पिनी प्लगची जाड पिन काढून टाकण्याचा उपाय सुचवला. त्याने गुणगुण थांबतेही. पण ती पिन माणसाचा जीव वाचवण्यासाठी असते, आणि ओल्या पायांनी तीर्थ घेऊन येणाऱ्या बायका त्याच स्पीकरच्या स्टँडला हात लावतात. मी ते करू दिले नाही, आणि हे वाचणाऱ्या कोणीही ते करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वायरमनदादांना बोलावले हे फार बरे झाले. त्यांनी जुन्या बोर्डवर फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये शंभर वॉटचा बल्ब लावला, तर तो लालसर मिणमिणला. म्हणजे अर्थिंग नावापुरतेच होते. सॉकेटमागे हिरवी वायर स्क्रूतून निसटली होती आणि मागच्या अंगणातील अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होता. वायर आवळली, खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरले, चार घागरी पाणी ओतले. बल्ब पूर्ण उजळला. गुणगुण निम्मी झाली, पण गेली नाही. राहिलेली गुणगुण एकास एक गुणोत्तराच्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरने गेली. तो साडेसहाशे रुपयांना मिळाला. त्यातून आवाज चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातो आणि दोन संचांची जमीन एकमेकींना लागत नाही. तो अॅम्प्लिफायरच्या टोकाला बसवला. तसेच शिल्डची वायर दिव्यांच्या वायरीला समांतर बांधली होती ती सोडवून, जिथे ओलांडावीच लागते तिथे काटकोनात ओलांडली.

गुणगुण थांबल्यावर सभामंडपात जी शांतता पसरली ती आम्ही दोघे काही वेळ नुसतीच ऐकत बसलो.

२७ नोव्हेंबर, बुधवार

आज नुकसान झाले. माझ्या घरचे दोन लाकडी बॉक्स मागे ठेवावेत आणि ते मंदिराच्याच अॅम्प्लिफायरवर चालवावेत, असे ठरवून मी त्यांतील एकाची वायर मागच्या पट्टीवरील '१०० व्ही' लिहिलेल्या स्क्रूला जोडली. चार कॉलमही तिथेच जोडलेले असल्याने मला ते साहजिक वाटले. भजनाची पहिली ओळ वाजवली, बॉक्स एकदा जोरात कोकलला आणि मग त्यातून कॉइल जळाल्याचा गोडसर, उग्र वास येऊ लागला. जाळी काढून स्पीकरचा पडदा बोटांनी हलका दाबला, तर तो आत कुठेतरी घासत होता आणि वाळूसारखा खरखरत होता.

शंभर व्होल्टच्या लाइनवर चालणाऱ्या प्रत्येक कॉलमच्या आत स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो ठरावीक वॉटच घेतो. लांब आणि बारीक वायरीतूनही आवाज फारसा न घटता जावा, यासाठी ही पद्धत असते, कारण दाब जास्त ठेवला की प्रवाह कमी लागतो. माझ्या बॉक्सला ट्रान्सफॉर्मर नाही, त्याची कॉइल सरळ आठ ओहमची आहे. शंभर व्होल्ट आठ ओहमवर पूर्ण पडले तर हिशेब साडेबाराशे वॉटचा होतो. अॅम्प्लिफायर एवढे देऊ शकत नाही, परंतु जे दिले तेवढे चाळीस वॉटच्या कॉइलला जाळायला पुरेसे होते. कॉइल बदलायला नऊशे रुपये लागतील.

यानिमित्ताने लाइनची बेरीजही केली. चार कॉलम प्रत्येकी वीस वॉटवर आणि दोन भोंगे प्रत्येकी पंधरा वॉटवर, म्हणजे ११० वॉट, आणि अॅम्प्लिफायर १२५ चा. तिथे आणखी काही जोडायला जागाच नव्हती. लाकडी बॉक्स आता त्यांच्या स्वतःच्या अॅम्प्लिफायरवरच चालतील.

१ डिसेंबर, रविवार

पंधरा जणींसह पहिली तालीम. स्टेजच्या दोन्ही बाजूंना बारा इंची, मागच्या भिंतीवर कॉलम, सगळे मोठ्या आवाजात. पाच मिनिटांत टाळ विस्कटले. मागच्या ओळीतील काकू उठून पुढे आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, मागं नुसतं घुमतंय ओ, सूर कुठं धरायचा तेच कळंना झालंय." एवढे सगळे करून तक्रार मागच्या वर्षीचीच आली, याचे मला फार वाईट वाटले.

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मीटरला २९ मिलिसेकंद लागतात. तारेतून मात्र तो तत्काळ पोहोचतो. मागे बसणाऱ्यांना डोक्यावरच्या कॉलममधून स्वर आधी मिळत होता आणि सतरा मीटरवरच्या पुढच्या स्पीकरमधून तोच स्वर ५० मिलिसेकंद उशिरा येत होता. पुढे बसणाऱ्यांना मागच्या कॉलमचा आवाज तितकाच उशिरा परत येत होता. साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत आलेले दोन आवाज कान एकच मानतो, त्यापुढे ते वेगळे पडू लागतात, आणि द्रुत लयीत टाळ कोणता ठोका धरणार? एका मैत्रिणीने तिचा ब्लूटूथ स्पीकर मधे ठेवून पाहू म्हटले. तो तर सेकंदाच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाने मागे होता. गाणी ऐकायला ते चालते, वाजवण्याच्या साथीला नाही. लगेच बंद केला.

आणखी दोन बॉक्स आणावेत, असाही सूर निघाला. पण वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटावा तर सुमारे दहापट वॉट लागतात. याउलट उघड्यावर ऐकणारा स्पीकरच्या निम्म्या अंतरावर आला तर ६ डेसिबल फुकट मिळतात. पत्र्याखाली एवढे मिळत नाहीत, पण दिशा तीच. तेव्हा स्पीकर वाढवण्याऐवजी हलवायचे ठरवले. बारा इंची दोन्ही स्टेजवरून उचलून सहा मीटर पुढे, खांबांशी, सहा फुटी स्टँडवर ठेवले आणि थोडे आत वळवले. मागील कॉलमचे अंतर आता अकरा मीटर राहिले, म्हणजे ३२ मिलिसेकंद. चारपैकी मागचे दोनच कॉलम चालू ठेवले आणि तेही इतके हळू, की ते बंद केल्यावरच त्यांची उणीव जाणवावी. भोंगे भजनापुरते बंद केले, कारण त्यांतून खर्ज येतच नाही आणि ते गल्लीकडे तोंड करून आहेत.

पुन्हा तीच चाल धरली. काकू मागेच बसून राहिल्या आणि तेथूनच त्यांनी मान डोलावली.

४ डिसेंबर, बुधवार

हेडफोनच्या भोकात पिन गेली की कीबोर्डचे अंगचे स्पीकर बंद होतात, त्यामुळे मला स्वतःला आणि पखवाजाला काहीच ऐकू येत नव्हते. त्यासाठी घरचे दोन लाकडी बॉक्स स्टेजवर आमच्याकडे तोंड करून ठेवले. त्यांतला एक कॉइल बदलून आला होता. दोन्ही चालू केले तर खालचे स्वर गायब, एक बंद केला तर परत हजर. दुरुस्तीत लाल-काळ्याची अदलाबदल झाली होती, त्यामुळे एकाचा पडदा बाहेर येताना दुसऱ्याचा आत जात होता. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून पाहिले : धन टोक लाल स्क्रूला लावल्यावर पडदा बाहेर यायला हवा. उलट होता, वायर बदलल्या. दहा मिनिटांचे काम.

७ डिसेंबर, शनिवार

आवाजाच्या पातळ्या कायमच्या ठरवल्या. कीबोर्डचा आवाज पूर्ण ठेवला की जोरात वाजवलेले स्वर फाटतात, आणि फाटलेला स्वर पुढे कितीही चांगल्या स्पीकरमधून आला तरी फाटलेलाच येतो. फार कमी ठेवला तर पुढे वाढवताना खरखरही वाढते. तीन-चतुर्थांशावर खूण केली आणि बाकी सगळे स्पीकरवर जुळवले. आधी बारा इंची, मग मागचे कॉलम, शेवटी स्टेजवरचे बॉक्स. गाणाऱ्यांचे माइक उघडे असल्याने स्टेजवरचे बॉक्स थोडे जरी वाढले तरी माइक शिट्टी मारतो, म्हणून त्यांचे तोंड माइकच्या पाठीकडे ठेवले आहे.

मोबाइलवरील मापकाने अचूक आकडा मिळत नाही, पण तोच मोबाइल घेऊन फिरले तर फरक कळतो. स्पीकर स्टेजवर असताना पहिली आणि शेवटची ओळ यांत ११ डेसिबलचा फरक होता, आज तो ४ आहे. पहिल्या ओळीतील आवाज तर तेव्हापेक्षा कमी आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंदच ठेवावा लागतो. शेजारच्या घरात दहावीचा अभ्यास चालू आहे. भजन साडेनऊला संपवायचे सर्वांनी मान्य केले.

११ डिसेंबर, बुधवार

सप्ताहाचे पहिले तीन दिवस निर्विघ्न गेले. आज भजनापूर्वी निरूपण पाऊण तास चालले, आणि अभंग सुरू करताना कीबोर्ड बंद असल्याचे दिसले. चालू करताच तिन्ही संचांतून 'धप्प' असा आवाज झाला आणि पाळण्याजवळचे लहान मूल दचकून रडू लागले. अॅडॉप्टर तपासला, लीड तपासल्या, सगळे ठीक होते. पुस्तिका पाहिल्यावर समजले की तीस मिनिटे कोणी पट्टी दाबली नाही तर हा कीबोर्ड आपोआप बंद होतो. सर्वांत खालची पट्टी दाबून धरून चालू केला की ही सोय रद्द होते. आपल्या कीबोर्डची पुस्तिका कार्यक्रमाआधी वाचावी. मी दोन वर्षांत वाचली नव्हती. क्रमही ठरवून दिला : चालू करताना कीबोर्ड आधी आणि स्पीकर शेवटी, बंद करताना स्पीकर आधी.

१५ डिसेंबर, रविवार

काल दत्तजयंती झाली. संध्याकाळी जन्मकाळाला सभामंडप भरून बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत माणसे होती. पाळणा काळी चारमध्ये धरला तो शेवटच्या कडव्यापर्यंत काळी चारमध्येच राहिला, मागच्या ओळींसकट. मी दोनदा हात उचलून साथ थांबवली आणि ऐकले. सूर जागेवर होता.

खर्च असा झाला : पिना १२० रुपये, पंचवीस मीटर शिल्डची वायर ८७५, रेझिस्टर १०, डबी ६०, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर ६५०, वायरमन आणि अर्थिंग ७००, कॉइल ९००, जुने दोन स्टँड १६००. एकूण ४,९१५ रुपये. त्यांतले कॉइलचे नऊशे माझ्या चुकीचे असल्याने ते मी मंडळाकडून घेतले नाहीत. वेळ साधारण तीस तास गेला, त्यातला निम्मा १९, २४ आणि २७ नोव्हेंबर या तीन दिवसांचा.

उजव्या भिंतीवरील एक कॉलम मोठ्या आवाजात अजून किंचित करकरतो. तो उतरवून पाहायचा आहे. सगळ्या लीड गुंडाळून दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावल्या, डबी आणि ट्रान्सफॉर्मर अॅम्प्लिफायरच्याच कपाटात ठेवले, आणि जोडणीचा नकाशा कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. '१०० व्ही' लिहिलेल्या स्क्रूवर लाल चिकटपट्टी लावली आहे.